पहिलं चाटण

दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता हर्षदा खोतला लोकांना दाखवायचे.

लोक म्हणजे आया. ज्यांची बाळं त्या आठवड्यात घरी जायची असत त्या सगळ्या, ओंजळीत मावतील एवढी बाळं दुपट्यात घेऊन, चौथ्या मजल्यावरच्या काचेसमोर उभ्या राहत. काचेच्या अलीकडे खुर्चीत हर्षदा, आणि तिच्याशेजारी नियमांवर लक्ष ठेवायला एक सिस्टर. बोलायला माईक. पेढे आत यायचे नाहीत, बाळ आत यायचं नाही, हातात हात घ्यायचा तर तोही काचेवरूनच. कुणी रडायच्या, कुणी नमस्कार करायच्या. एका बाईने तर काचेलाच हळदकुंकू लावलं. ते पुसायला माणूस येईपर्यंत हर्षदा त्या कुंकवाच्या बोटामागे तशीच बसून होती. नागपंचमीच्या वारुळासारखं वाटलं, असं तिने संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. दोघंही खूप हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ रडली.

चार वर्षांपूर्वीपर्यंत हर्षदा मिरजेतल्या याच दवाखान्यात, याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर होती. आता तिचं पद वेगळं होतं. कागदोपत्री तिला ‘स्रोत’ म्हणत.

हे सगळं झालं एका नियमभंगातून.

सातव्या महिन्यात बाळ जन्माला येतं तेव्हा त्याचं हृदय धडधडत असतं, फुप्फुसं यंत्राच्या मदतीने का होईना चालत असतात, पण आतडं तयार नसतं. त्याचं अस्तर पातळ आणि नाजूक असतं, आणि आत जीवाणूंची वस्ती जवळजवळ नसतेच. स्टँडावर नुकती लागलेली मोकळी एसटी असावी तसं. आधी कोण चढतं, खिडकीतून रुमाल टाकून जागा कोण धरतं, यावर पुढचं सगळं ठरतं. भल्या जीवाणूंनी जागा धरली तर बाळ तरतं. दवाखान्यातले गुंड आधी चढले तर अस्तर सुजतं, रक्त पोचत नाही आणि काही तासांत आतड्याचा तुकडा काळा पडतो. सकाळी दूध पचवणारं बाळ दुपारी ऑपरेशनच्या टेबलावर असतं. या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव वॉर्डात कुणी घेत नाही. ‘पोट फुगलं’ एवढंच म्हणतात.

आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसतातच मुळी; तो भल्या जीवाणूंचा खुराक. म्हणून डॉक्टर मंडळी आईच्या दुधाबरोबर या जीवाणूंचे थेंबही देत असत. पण २०३० नंतर दवाखान्यांतले गुंड इतके निर्ढावले की ते थेंब चालेनासे झाले. वॉर्डावॉर्डांतून पोटं फुगू लागली.

आणि अशा दिवसांत हर्षदाच्या पाळीत जन्मलेल्या एकाही बाळाचं पोट फुगलं नाही. तीन वर्षं. दोनशे बारा बाळं.

वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर सबनीस. बाई हुशार, बोलायला तोडून टाकणारी, पण मनाने वाईट नाही. त्यांना वाटलं, सिस्टर नोंदी लपवतेय. त्यांनी हर्षदाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“सिस्टर, माझ्यापासून काय लपवताय?”

हर्षदाला वाटलं, नोकरी गेली. ती मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, चूक झाली. मी चाटण देते.”

“काय देता?”

हर्षदा जत तालुक्यातल्या एका वाडीतली. तिच्या माहेरी बाळाला पहिलं चाटण कुणी द्यायचं यावर भांडणं व्हायची. ज्याच्या बोटाचं चाटण, त्याचा स्वभाव बाळाला येतो, असं मानायचे. म्हणून घरातलं सगळ्यात चिवट, हसतमुख माणूस बघून त्याच्या करंगळीला पुढे करायचे. इथे दवाखान्यात ही पोरं काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात. आई दुसऱ्या मजल्यापर्यंतही येऊ शकत नाही. त्यांना कुणाचंच बोट नाही, हे हर्षदाला बघवेना. मध दिला असता तर ते पाप झालं असतं, हे तिला कळत होतं. ती काय करायची, तर हातमोजा काढून, हात स्वच्छ धुऊन, करंगळीवर आईच्या दुधाचा एक थेंब घ्यायची आणि बाळाच्या ओठांना लावायची. मनात म्हणायची, माझा स्वभाव घे बाई, मी फार चिवट आहे.

डॉक्टर सबनीस ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हात किती धुता?”

“दोन मिनिटं, मॅडम.”

“नखाच्या बेचक्यात काही ना काही उरतंच,” त्या म्हणाल्या, आणि एक डबी तिच्यापुढे सरकवली. “उद्या सकाळी यात नमुना आणून द्या.”

स्वभावाचं माहीत नाही, पण हर्षदाच्या पोटातलं काहीतरी त्या दोनशे बारा बाळांना मिळालं होतं. ती दोन जीवाणूंची जोडी निघाली. पहिला दुधातल्या साखरेवर जगायचा आणि जागा धरायचा. दुसरा त्याच्या आडोशाने राहायचा आणि गुंडांना फिरकू द्यायचा नाही. जोडी फुटली की दोघांचाही उपयोग नाही. प्रयोगशाळेत वाढवायला गेलं की एक दुसऱ्याला खाऊन टाकी. गोठवलं की पहिला मरे. मोठ्या माणसांच्या पोटात घातलं तर टिकत नसे, कारण तिथे सगळ्या जागा आधीच गेलेल्या. बाळांत मात्र लगेच रुजे. पण बाळं घरी गेली की दोन महिन्यांत दुसरा दिसेनासा होई, आणि दूध सुटल्यावर पहिलाही. वॉर्डातल्या बाळांच्या दुपट्यातून परत मिळवावी, तर त्यात गुंडही मिसळलेले असत, आणि तो जुगार कुठलाही शहाणा डॉक्टर खेळणार नाही. मोठेपणी ती जोडी जिवंत बाळगून असलेलं माणूस जगाला ठाऊक होतं ते एकच.

तिच्या नमुन्यातून गाळलेले थेंब काढल्यापासून सहा तासांच्या आत बाळाच्या तोंडात पडायला हवे होते. म्हणून हर्षदा दवाखान्यातच हवी होती.

आपण सगळे रोज सकाळी जे पाणी ओतून मोकळे होतो, त्याच्यासाठी हर्षदाच्या दारात सहा वाजता निळ्या डगल्यातला माणूस शीतपेटी घेऊन उभा राहायचा. सव्वासातला गच्चीवरून ड्रोन उडायचे. कोल्हापूर, पुणे, बेळगाव. सुरुवातीला तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग लाज गेली आणि नियम उरले. बाहेरचं पाणी नाही. बाहेरचं अन्न नाही. कुणाचं उष्टं नाही, कुणाशी एका ताटात नाही. नवऱ्याच्या बाबतीतही एक सूचना होती, ती इथे लिहीत नाही. मनगटावर पट्टा, तो ताप मोजायचा आणि दारंही उघडायचा. चौथ्या मजल्याची उघडायचा, खालची नाही. जेवणात मात्र तिचं नेहमीचं काहीही बदललेलं नव्हतं. लहानपणापासून ती रोज हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं प्यायची. भाजलेल्या हुलग्याचं पीठ, पाणी, गूळ, चवीला मीठ. ‘जे चाललंय त्याला हात लावू नका’ अशी सबनीस मॅडमची आज्ञा होती, त्यामुळे माडगं चार वर्षं रोज दोन वेळा येत राहिलं. एखाद्या पदार्थाचा माणसाला किती वीट येऊ शकतो, हे हर्षदाला विचारावं.

तिने सही केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. एक वर्षासाठी म्हणून केली होती. पण वर्ष संपताना सबनीस मॅडम रजिस्टर घेऊन आल्या. पोट न फुगलेली बाळं, तीन हजार चाळीस. पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

संग्राम, तिचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. दर रविवारी यायचा. घर दोन किलोमीटरवर. खिडकीतून त्यांच्या गल्लीतली पाण्याची टाकी दिसायची.

“मॅडमना विचारलंस?” तो दर रविवारी विचारायचा.

“आणखी एक वर्ष म्हणतात.”

हे विचारणं मुलाबद्दल होतं. बाईला दिवस गेले की तिच्या पोटातल्या जीवाणूंची सगळी घडी बदलते. जोडी टिकेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून मूल पुढे ढकललं होतं. हर्षदाला सदतिसावं लागलं होतं. हजारो बायकांची बाळं काचेतून बघायची आणि आपलं नाही, हे तिला आतून कुरतडत होतं. गुरुवारी रात्री तिला जेवण जात नसे.

“तुझं पोट सरकारजमा झालंय,” संग्राम म्हणाला. तो थट्टाच करत होता, पण बघत होता खिडकीतल्या टाकीकडे.

पाचव्या वर्षीच्या फाल्गुनात हर्षदाला ताप आला. कंबर भरून आली, लघवीला आग. मूत्रपिंडात संसर्ग होता, आणि औषध एकच होतं, अँटिबायोटिक. ते गुंडांना मारणार, आणि जोडीलाही.

सबनीस मॅडम तिच्या पलंगावर येऊन बसल्या. त्या कधी अशा बसत नसत.

“सिस्टर, आत्ता, या क्षणी औषध सुरू करायचं तर मी करते. तुम्ही म्हणाल ते.”

“खाली किती बाळं आहेत?”

“तुमच्या थेंबांवर? इथे अकरा. बाहेर साठेक.”

“किती दिवस मिळाले तर सावरतील?”

मॅडमनी नजर वळवली. “दोन दिवसांत जमेल तेवढ्यांना दुप्पट देता येईल.”

हर्षदाने दोन दिवस दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप एकशे चारवर गेला आणि ती संग्रामला ‘आई’ म्हणून हाक मारू लागली, तेव्हा तो डॉक्टरांच्या अंगावर धावून गेला. औषध चालू झालं. दहा दिवस. दहाव्या दिवशी तपासणीची पट्टी पांढरीच राहिली. जोडी असली की ती जांभळी होते. गोठवलेले जुने थेंब दिले, पट्टी पांढरीच.

“संपलं,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “तुमची गाडी आता रिकामी आहे. पंधरा-वीस दिवसांत जो भेटेल तो चढेल आणि जागा धरेल. मग तुम्ही आमच्यासारख्याच.” त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या मनगटावरचा पट्टा कापला. पट्ट्याखालची कातडी पांढरीफटक पडली होती. “जा. आणि या वेळी मनापासून सांगते, मूल होऊ द्या.”

हर्षदा खाली उतरली. दवाखान्याच्या फाटकाशी गाड्यावरचं भडंग घेतलं, कच्च्या कांद्यासकट, आणि रस्त्यात उभं राहून खाल्लं. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. संग्राम म्हणाला, “हळू खा, पळून नाही चाललं.” तिने त्याच्या पुडीतही हात घातला.

सहा दिवस ती सुखात होती. खरोखर सुखात. सकाळी सहाला कुणी दारात नव्हतं, याच एका गोष्टीने तिला हसू यायचं. सातव्या दिवशी वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती बोलली दुसरंच काहीतरी, रजा, बदल्या. हर्षदाने विचारलं, “किती?”

“काल दोन. आज एक टेबलावर आहे,” मैत्रीण म्हणाली आणि रडायला लागली.

घरात बसवेना. जतजवळच्या एका वस्तीवरची मालनआजी चार वर्षं बोलावत होती, “ताई, एकदा पोरगीला बघून जावा.” तिची नात शिवन्या सातव्या महिन्यातली, नऊशे ग्रॅमची. हर्षदाच्या करंगळीचं चाटण घेतलेली. आईबाप पुण्याला कंपनीत, पोरगी आजीपाशी. हर्षदा एसटीने गेली.

सहा वर्षांची शिवन्या शेळीमागे धावत होती. नऊशे ग्रॅमची ती हीच, यावर हर्षदाचा विश्वास बसेना. मालनआजीने दोन्ही हातांनी हर्षदाच्या तोंडावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

“बसा की वो ताई. किती वाळलाईसा! ही बघा तुमची पोरगी. आवंदा समद्या वस्तीला हगवण लागली, हिला काय न्हाई. हिचं प्वाट म्हंजी लोखंड हाय.”

“काय खायला घालता, आजी?”

“काय घालनार? दूध तोडलं तवाधरनं माडगंच की. हितं दुसरं काय पिकतंय? शेरातली पोरं बिस्किटं खात्यात, ही माडग्याबिगर जेवतच न्हाई.”

हर्षदाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. लोखंडासारखं पोट. हुलगा. जोडी बाळांतून दिसेनाशी होते, मरते असं सगळे धरून चालले होते. ती मेलीच नसली तर? मातीत बी पडून राहतं तशी झोपली असली, आणि हुलग्यातल्या साखरेवर पुन्हा उठली असली तर? घरी गेलेल्या बाळांचे नमुने दोन वर्षं तपासून फाईल बंद केली होती, आणि ती सगळी बाळं मिरज-सांगलीतली, डब्याच्या खाण्यावर वाढलेली. वस्तीवरच्या पोरीचा नमुना आणायला एवढ्या लांब कोण येतं?

तिच्या पर्समध्ये तपासणीच्या पट्ट्या होत्या. सवयीने ठेवलेल्या. “जंत आहेत का बघते,” असं आजीला सांगून तिने दुसऱ्या दिवशी सकाळी एक वापरली.

पट्टी जांभळी झाली.

हर्षदा न्हाणीच्या दगडावर बसली आणि तिला एकदम इतका आनंद झाला की तिने तोंडावर हात दाबला. सापडलं. आता ती कायमची सुटली. सबनीस मॅडमना एक फोन, की उद्या दुपारी निळ्या डगल्यातला माणूस इथे, आणि परवा...

परवा शिवन्या चौथ्या मजल्यावर.

तिने बाहेर पाहिलं. पोरगी शेळीच्या पिल्लाला उष्टी भाकरी चारत होती, एक तुकडा त्याला, एक आपल्याला. बाहेरचं पाणी नाही. कुणाचं उष्टं नाही. मनगटावर पट्टा, सहा वर्षांच्या मनगटाला बसेल एवढा लहान बनवावा लागेल, आणि ते बनवतील. शेळी आत येणार नाही. दर गुरुवारी काच. हर्षदाला निदान कुणी विचारलं तरी होतं. या पोरीला कोण विचारणार? तिच्या आजीला विचारतील.

“आजी,” ती म्हणाली, “दवाखान्याला शिवन्याचं काही काम पडलं तर?”

“मंग न्यायाची,” मालनआजी चुलीपुढून म्हणाली. “तिचा जीव तुमचाच हाय की. तुमी म्हनाल तितं अंगठा देतो.”

हर्षदाला त्या कृतज्ञतेची भीती वाटली. इतकी भीती तिला तापातही वाटली नव्हती.

पण गप्प बसायचं म्हणजे तरी काय? काल दोन. आज टेबलावर एक. ती बाळंही कुणाच्या तरी शेळीमागे धावली असती. ती दिवसभर त्या खोपटात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिली. बाहेर मैलभर मोकळं रान होतं, आणि तिला चौथ्या मजल्यापेक्षाही कोंडल्यासारखं होत होतं. सांगितलं तर ही गेली. न सांगितलं तर ती गेली. यांतलं कुणीच जायचं नसेल तर जायचं कोणी, हे तिला दुपारीच कळलं होतं. संध्याकाळपर्यंत ती ते स्वतःला कळू देत नव्हती.

तुमची गाडी आता रिकामी आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. सात दिवस झाले होते, आज आठवा.

दिवेलागणीला मालनआजीने माडग्याचं ताट शिवन्यापुढे ठेवलं. हर्षदा तिच्यासमोर मांडी घालून बसली.

“शिवन्या, मला भरवतेस?”

“मावशी, तू मोठी हायेस की,” पोरगी हसली.

“मोठी झाले म्हणून काय झालं? तू लहान होतीस तेव्हा मी तुला दिलं होतं. आता तू मला दे.”

शिवन्याने चार बोटं माडग्यात बुडवली, आधी स्वतः चाटली, मग पुन्हा बुडवून हर्षदाच्या तोंडापुढे धरली. त्या हातांनी दिवसभर शेळी, माती, परसाकडं, सगळं केलं होतं. चार वर्षांच्या सगळ्या सूचना हर्षदाला एकदम आठवल्या.

“आ कर,” शिवन्या म्हणाली.

हर्षदाने आ केला.

ती तिथे बारा दिवस राहिली. रोज एका ताटात जेवली. ज्या माडग्याचा तिला वीट आला होता ते दोन वेळा प्यायली. दहाव्या दिवशी सकाळी तिची स्वतःची पट्टी फिकट जांभळी झाली, बाराव्याला गडद.

संग्रामला तिने घरी येऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ चाकाच्या पान्याशी खेळत बसला. मग म्हणाला, “आणि आपलं?”

तिने नुसती मान हलवली, आणि त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, आपण या माणसाचा गुन्हा करतोय.

“मॅडमना हुलग्याचं सांग की,” तो म्हणाला. “पोरीचं सांगू नको.”

“मला कसं कळलं विचारतील. दोनशे बारा घरं आहेत यादीत. आठ दिवसांत तिच्या दारात जातील.” ती थांबली. “गावात एकच विहीर असली की तिला कुलूप लागतं, संग्राम. घरोघरी आड झाल्यावर कुणी लावत नाही. मला तेवढे दिवस दे.”

“तेवढे म्हणजे किती?”

“माहीत नाही.”

तो उठला, तिची बॅग त्यानेच भरली. फाटकापाशी म्हणाला, “मला त्या पोरीचं नाव सांगायला नको होतंस.” आणि मग, “रविवारी येतो.”

सबनीस मॅडमनी पट्टी तीनदा करून पाहिली. तिन्ही जांभळ्या. खाली त्या आठवड्यात सहा बाळं गेली होती. मॅडमचे डोळे सुजले होते.

“दहा दिवसांच्या औषधातून जोडी तगली?”

“तगली असेल, मॅडम.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. एवढ्या हुशार बाईला काय काय सुचलं असेल ते तिच्या चेहऱ्यावरून जाताना हर्षदाला दिसत होतं. मग त्यांनी फॉर्म पुढे केला. “शेवटचा रकाना नीट वाचून भरा,” त्या म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘आपल्या माहितीत ही जोडी बाळगणारी दुसरी कोणतीही व्यक्ती आहे काय?’

हर्षदाने लिहिलं, ‘नाही’. खाली सही केली. मग पट्ट्यासाठी हात पुढे केला.

“माझी एक अट आहे,” ती म्हणाली. “गुरुवारी काचेपाशी माझ्याशेजारी कुणी नको. माईक फक्त माझ्याकडे.”

“का?” मॅडमनी मागे न वळता विचारलं.

“आयांशी दोन शब्द बोलायचे असतात.”

मॅडमनी वळून पट्टा उचलला. पट्टा मनगटावर बसला, जुन्या पांढऱ्या वळावर बरोब्बर.

पहिल्या गुरुवारी चारच आया होत्या. शेवटची पुण्याची, कपड्यावरून बऱ्या घरची, दुपट्यात दीड किलोची मुलगी. ती काचेला हात लावून रडत होती. हर्षदाने माईक तोंडाजवळ ओढला.

“ऐका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग वरचं खाणं सुरू कराल ना, तेव्हापासून हिला हुलग्याचं माडगं घाला. रोज. बिस्किटं नकोत.”

“हुलगा?” बाईने नाक उडवलं. “तो घोड्याला घालतात ना?”

“आपल्यालाही चालतो.”

“पण असं डॉक्टरांनी तर काही...”

“डॉक्टरांनी नाही, मी सांगतेय. हिचं दूध सुटलं, दात आले, शाळेत जायला लागली, तरी सोडू नका. कंटाळली तरी सोडू नका. तुमच्या ओळखीत कुणी अशी बाळं इथून नेली असतील त्यांनाही सांगा.”

बाईला काही उमजेना. तिने बाळाकडे पाहिलं, काचेमागच्या बाईकडे पाहिलं, तिच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. “हिच्या पोटासाठी का, ताई?”

हर्षदाने काचेला हात टेकवला. पलीकडून बाळाची मूठ दिसत होती, सुपारीएवढी.

“नाही हो,” ती म्हणाली. “माझ्यासाठी घाला.”